सापडणे आणि बाळगणे

अमेरिकेचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते: तिथे काय, दुकानात जाऊन बंदूक विकत घेता येते. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. मग त्याच देशात एकही गोळी न झाडता, कुणाला धाक न दाखवता, केवळ पिस्तूल जवळ होते म्हणून माणसाला पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवास कसा होऊ शकतो? या कोड्यात शिरण्यासाठी एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू. रात्रीची वेळ आहे. मागचा दिवा बंद म्हणून पोलीस एक गाडी थांबवतात. आत चौघे आहेत. चालकाच्या शेजारच्या सीटखाली पिस्तूल सापडते. चौघेही सांगतात, माझे नाही. त्यांतल्या एकाला, मागच्या सीटवर बसलेल्याला, दहा वर्षांपूर्वी घरफोडीत शिक्षा झालेली आहे. पिस्तूल सापडले याबद्दल वाद नाही. प्रश्न आहे तो हा, की ते बाळगले कुणी?

फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कायद्याखाली शस्त्र बाळगल्याचा खटला उभा राहतो तेव्हा बचावाचे बहुतेक काम ‘सापडणे’ आणि ‘बाळगणे’ या दोन क्रियापदांमधल्या अंतरात चालते. या अंतराला अनेक जण पळवाट म्हणतात. माझ्या मते तो मोठा गैरसमज आहे. गुन्ह्याची व्याख्याच त्या अंतरावर उभी आहे. ते पुसून टाकले तर शिल्लक राहतो तो गुन्हा नसून दुर्दैव असते.

बंदूक तीच, माणूस वेगळा

गाडी चालवणे हा गुन्हा नाही, पण ज्याचे लायसन्स रद्द झाले आहे त्याने तीच गाडी चालवणे हा गुन्हा आहे. अमेरिकी फेडरल कायद्याची रचना काहीशी अशीच आहे. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर तिथे बंदूक नियंत्रण कायदा झाला. आज संघीय संहितेच्या अठराव्या खंडातल्या ९२२(जी) या कलमात नऊ प्रकारच्या माणसांना बंदूक किंवा काडतुसे बाळगायला मनाई आहे. एक वर्षाहून जास्त शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलेले, फरारी, अमली पदार्थांचे बेकायदा सेवन करणारे, न्यायालयाच्या आदेशाने मनोरुग्णालयात दाखल झालेले, देशात बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर राहणारे, लष्करातून अप्रतिष्ठेने काढलेले, अमेरिकी नागरिकत्वाचा त्याग केलेले, जोडीदाराला छळण्यापासून न्यायालयाने रोखलेले आणि घरगुती हिंसेच्या किरकोळ गुन्ह्यातही दोषी ठरलेले असे हे नऊ गट. कमाल शिक्षा पूर्वी दहा वर्षे होती, २०२२ मध्ये ती पंधरा झाली. हिंसक किंवा गंभीर अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत आधी तीनदा दोषी ठरलेल्याला तर किमान शिक्षाच पंधरा वर्षांची आहे.

पहिल्या गटातला एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. प्रत्यक्षात किती शिक्षा झाली हे तिथे पाहिले जात नाही, किती होऊ शकली असती हे पाहिले जाते. वीस वर्षांपूर्वी न्यायाधीशाने एक दिवसही तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडलेला माणूसही आयुष्यभर या यादीत राहू शकतो. म्हणून बचावाचा वकील सर्वांत आधी जुने निकालपत्र मागवतो. ती शिक्षा पुढे माफ झाली होती का? नोंद पुसली गेली होती का? नागरी हक्क परत मिळाले होते का? तसे असेल तर कायद्याच्या लेखी ती दोषसिद्धी बहुतेक वेळा उरतच नाही. शिक्षा परदेशात झाली असेल तर तीही इथे धरली जात नाही. जपानमध्ये शिक्षा भोगून आलेल्या एका माणसाच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले की कायद्यातले ‘कोणतेही न्यायालय’ म्हणजे अमेरिकेतले कोणतेही न्यायालय.

मग हा गुन्हा राज्याचा न राहता केंद्राचा कसा होतो? तर ती बंदूक कधी ना कधी राज्याची सीमा ओलांडून आलेली असली पाहिजे. कनेक्टिकटच्या कारखान्यात बनली आणि टेक्सासमध्ये सापडली एवढे पुरते, मधे तीस वर्षे गेली असली तरी. १९७७ च्या स्कारबरो निकालापासून हा दुवा इतका सैल झाला आहे की बंदुकीवरचा शिक्का वाचणारा एक तज्ज्ञ साक्षीला आला की सरकारचे काम होते. मला या खटल्यांचा हा सर्वांत तकलादू भाग वाटतो, पण त्यावर बचाव क्वचितच टिकतो. त्याच बंदुकीसाठी राज्य आणि केंद्र दोघेही वेगवेगळे खटले चालवू शकतात, हेही २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केले.

खाटेचे चार पाय

म्हणजे हा गुन्हा खाटेसारखा चार पायांवर उभा आहे. माणूस मनाई असलेल्या गटातला असणे, शस्त्र त्याच्या ताब्यात असणे, दोन्हींची त्याला जाणीव असणे आणि ते शस्त्र राज्याबाहेरून आलेले असणे. चारही पाय सरकारनेच, वाजवी शंकेला जागा न ठेवता, ज्यूरीतल्या बाराही जणांना पटतील असे सिद्ध करायचे असतात. आरोपीने स्वतःला निर्दोष ठरवायचे नसते. एक पाय डगमगतो आहे एवढे दिसले तरी खाट कोसळते.

त्यातला ताब्याचा पाय पाहू. खिशातले पिस्तूल खिसेवाल्याचे, हे सोपे आहे. पण बँकेच्या लॉकरमधले दागिने आपल्या अंगावर नसतानाही आपल्याच ताब्यात असतात, कारण किल्ली आपल्याकडे असते आणि हवे तेव्हा ते काढण्याचा इरादाही असतो. कायदा अशा ताब्यालाही ताबाच मानतो. मात्र त्यासाठी वस्तूवर हुकमत चालवण्याची ताकद आणि तसा इरादा, दोन्ही लागतात. २०१५ च्या हेंडरसन खटल्यात हे स्पष्ट झाले. सीमा गस्ती दलातल्या एका माणसाने जामिनाची अट म्हणून आपल्या बंदुका एफबीआयकडे जमा केल्या. पुढे तो अमली पदार्थांच्या गुन्ह्यात दोषी ठरला आणि त्याने विनंती केली की त्या बंदुका एका मित्राला द्या. सरकार म्हणाले, बंदुका कुणाला द्यायच्या हे ठरवणे म्हणजेच ताबा. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते अमान्य केले. मालकी वेगळी आणि ताबा वेगळा. त्या बंदुका पुढे त्याला वापरता येणार नसतील, मित्र त्याच्या सांगण्यावर चालणार नसेल, तर केवळ हस्तांतर करणे म्हणजे बाळगणे नव्हे.

आता गाडीतल्या चौघांकडे परत येऊ. शिक्षा झालेला माणूस मागे बसला होता, पिस्तूल पुढच्या सीटखाली होते. त्याचा हात तिथवर पोचत होता का? पिस्तुलाचे टोक बाहेर दिसत होते की ते पूर्ण झाकलेले होते? गाडी कुणाच्या नावावर? बोटांचे ठसे किंवा डीएनए कुणाचा? पोलीस आले तेव्हा कोण खाली वाकले? केवळ जवळ असणे म्हणजे ताबा नव्हे, हे तिथली न्यायालये वारंवार सांगत आली आहेत. एकाच खोलीत राहणाऱ्या भावाच्या कपाटात काय आहे, त्यासाठी दुसऱ्या भावाला धरता येत नाही, तसेच हे. उलट किल्ली दोघांकडे असेल तर ताबा दोघांचाही ठरू शकतो. हा विचार आपल्यालाही परका नाही. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातून निघालेल्या संजय दत्त प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९४ मध्ये ‘टाडा’ कायद्यातला ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा असाच अर्थ लावला होता.

देवळाबाहेरच्या चपला

जाणिवेचा पाय सर्वांत नाजूक आहे. संयुक्त अरब अमिरातीतून फ्लोरिडात शिकायला आलेला रेहेफ नावाचा विद्यार्थी. गुण कमी पडले म्हणून विद्यापीठाने त्याला काढले आणि दुसरीकडे प्रवेश घेतला नाहीस तर इथे राहण्याचा तुझा दर्जा संपेल असे कळवले. तो राहिला. एके दिवशी नेमबाजीच्या मैदानावर जाऊन त्याने भाड्याची बंदूक चालवली, आणि खटला उभा राहिला तो देशात बेकायदा राहून शस्त्र बाळगल्याचा. आपला दर्जा बेकायदा झाला आहे हे त्याला माहीत होते, असे सरकारने सिद्ध करण्याची गरज नाही, असे न्यायाधीशाने ज्यूरीला सांगितले. अठरा महिन्यांची शिक्षा झाली. २१ जून २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो निकाल उलटवला. न्यायमूर्ती ब्रायर यांनी लिहिले त्याचा मथितार्थ असा, की बंदूक हातात आहे हे कळणे पुरेसे नाही, आपण मनाई असलेल्या गटात मोडतो हेही आरोपीला कळत होते, असे सरकारने दाखवले पाहिजे. तान्हेपणी आईबापांनी देशात आणलेल्या आणि आपल्या दर्जाचा पत्ताच नसलेल्या मुलाचे उदाहरण त्यांनी दिले.

इथे रास्त आक्षेप येतो. कायदा माहीत नव्हता ही सबब कुठेच चालत नाही, मग इथे का चालावी? उत्तर देवळाच्या पायरीवर मिळते. बाहेर आलेला माणूस दुसऱ्याची चप्पल घालून निघाला आणि पकडल्यावर म्हणाला, ‘चोरी करणे गुन्हा आहे हे मला ठाऊक नव्हते’, तर कुणी ऐकणार नाही. पण तो म्हणाला, ‘ही मला माझीच वाटली’, आणि दोन्ही जोड खरोखर सारखे दिसत असतील, तर चोरी झालीच नाही. पहिल्याला कायदा ठाऊक नव्हता, दुसऱ्याला वस्तुस्थिती. आपली स्थिती काय आहे याबद्दलचे खरेखुरे अज्ञान दुसऱ्या प्रकारात येते. हा निकाल वापरून सगळेच सुटतील अशी भीती निकालाविरुद्ध मत देणारे न्यायमूर्ती अलिटो यांनी मांडली होती. तसे झाले नाही. २०२१ च्या ग्रीअर निकालात न्यायालयाने म्हटले की ज्याला गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे त्याला ते सहसा माहीत असतेच, आणि ज्याने खालच्या न्यायालयात हा मुद्दा काढला नाही त्याने आपल्याला ते माहीत नव्हते असे पटेल असे काही दाखवल्याशिवाय अपिलात त्याला त्याचा फायदा नाही.

चौकट: व्हिसावर असलेल्यांसाठी
विद्यार्थ्यांचा एफ-१, नोकरीचा एच-१बी किंवा पर्यटकाचा व्हिसा घेऊन अमेरिकेत राहणारा माणूस फेडरल कायद्याने मनाई असलेल्या गटात येतो. नेमबाजीच्या मैदानावर तासाभरासाठी भाड्याने घेतलेली बंदूकही यात येते. वैध शिकारीचा परवाना जवळ असणे हा महत्त्वाचा अपवाद आहे. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. आणि रेहेफ निकालाचा इथे फारसा आधार नाही: आपण व्हिसावर आहोत हे पुण्या-नागपूरहून गेलेल्या प्रत्येकाला माहीतच असते. ‘व्हिसावाल्यांना मनाई आहे हे ठाऊक नव्हते’ हा कायद्याच्या अज्ञानाचा बचाव झाला, आणि तो चालत नाही.

सापडण्यालाही नियम

आतापर्यंत ‘बाळगणे’ तपासले. ‘सापडणे’सुद्धा कायदेशीर असावे लागते. अमेरिकेच्या राज्यघटनेतली चौथी दुरुस्ती अवाजवी झडतीपासून संरक्षण देते आणि बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा सहसा न्यायालयात आणता येत नाही. बंदुकीच्या खटल्यात पुरावा म्हणजे बंदूकच. ती बाहेर गेली की बहुतेक वेळा खटला उरत नाही. म्हणून वकील खटल्याआधीच पुरावा वगळण्याचा अर्ज करतो, आणि खरी लढाई अनेकदा तिथेच होते.

१३ ऑक्टोबर १९९५ चा मायामीतला प्रसंग पाहा. निनावी फोन येतो: अमुक बसथांब्यावर चौकड्यांचा शर्ट घातलेला कृष्णवर्णीय तरुण उभा आहे, त्याच्याकडे बंदूक आहे. पोलीस पोचतात. तिथे तिघे आहेत, त्यांतल्या एकाचा शर्ट चौकड्यांचा. कुणी पळत नाही, संशयास्पद काही करत नाही. पोलीस त्याला चाचपतात आणि खिशातून खरोखरच बंदूक निघते. मुलगा सोळाही वर्षांचा नव्हता. खटला राज्याच्या कायद्याखालचा होता, पण घटनेचा नियम दोन्हीकडे सारखाच. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले की ही झडती बेकायदा होती. फोन करणाऱ्याने शर्टाचे वर्णन बरोबर दिले. पण शर्ट तर रस्त्यावरच्या कुणालाही दिसतो. बंदुकीबद्दलची त्याची माहिती विश्वासार्ह आहे असे झडतीच्या क्षणी पोलिसांकडे काहीच नव्हते.

‘पण बंदूक होती ना!’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. बसथांब्यावर बंदूक घेऊन उभा असलेला मुलगा सुटतो हे ऐकून अस्वस्थ वाटणे स्वाभाविक आहे. तरीही विचार करावा: शेजाऱ्याशी भांडण झालेल्या कुणीही निनावी फोन करावा आणि त्यावर रस्त्यात कुणाचेही खिसे उलटे व्हावेत, असा नियम केला तर ज्या शेकडो लोकांच्या खिशात काहीच निघत नाही त्यांचे काय? त्यांचा खटला कधीच न्यायालयात येत नाही, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत. झडतीची वैधता तिच्या फळावरून ठरवली तर प्रत्येक झडती आधी करून मग समर्थन शोधायची गोष्ट होईल. शिवाय न्यायालयांनी हा नियम डोळे मिटून लावलेला नाही. २००४ मध्ये अलाबामात शेजारच्या काउंटीच्या नोंदींतले वॉरंट पाहून एकाला अटक झाली, गाडीत पिस्तूल मिळाले, आणि काही मिनिटांत कळले की ते वॉरंट पाच महिन्यांपूर्वीच मागे घेतले होते. तरी २००९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी पुरावा टिकला, कारण ती एकटीदुकटी नजरचूक होती, मुद्दाम केलेली मनमानी नव्हती. हा निकाल मला पटत नाही. दप्तरातल्या चुकीची किंमत चूक करणाऱ्याने न मोजता पकडल्या गेलेल्याने का मोजावी?

ज्यूरीसमोर जुने पाप किती उघडायचे, हाही याच धाग्याचा भाग. हा गुन्हाच जुन्या शिक्षेवर उभा असल्याने ती सांगावी तर लागते, पण ती ऐकली की ऐकणाऱ्याचे मन आधीच ठरते. १९९७ च्या ओल्ड चीफ निकालामुळे आरोपीने ‘होय, मला अशी शिक्षा झालेली आहे’ एवढे मान्य केले की जुन्या गुन्ह्याचे नाव आणि तपशील ज्यूरीसमोर मांडण्याचा आग्रह सरकारला धरता येत नाही.

हातात होते, माहीतही होते

काही खटल्यांत चारही पाय भक्कम असतात आणि तरी प्रश्न उरतो. वॉशिंग्टनमध्ये माल पोचवणाऱ्या एका ट्रकचालकाला, ज्याला पूर्वी शिक्षा झालेली होती, शाळेजवळ कागदी पिशवीत पिस्तूल सापडले. त्याचे म्हणणे असे की मुलांच्या हाती पडू नये म्हणून त्याने ते उचलले, गोळ्या काढून वेगळ्या ठेवल्या, आणि रोजच्या फेरीत लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये भेटणाऱ्या ओळखीच्या पोलिसाकडे ते द्यायचे ठरवले. देण्याआधीच तो पकडला गेला. कायद्याचे शब्द तंतोतंत लावले तर तो गुन्हेगार. २००० मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितले की शस्त्र निष्पाप रीतीने हाती आले आणि शक्य तितक्या लवकर ते सोपवण्याच्या प्रयत्नात माणूस होता, हा बचाव ज्यूरीपुढे ठेवायला हवा होता. हा निकाल एकांडाच राहिला आहे. इतर अनेक अपील न्यायालयांनी असा बचाव नाकारला, कारण प्रत्येक जण हेच सांगेल. प्रत्येक जण सांगेल हे खरे, पण कोण खरे सांगतो हे ठरवण्यासाठीच तर बारा माणसे बसवलेली असतात. जिवावरच्या धोक्यामुळे क्षणभर शस्त्र उचलावे लागले, हा बचाव अधिक ठिकाणी मानला जातो. मात्र दडपणाखाली कृत्य केल्याचे आरोपीनेच दाखवायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या एका खटल्यात ठरवले. म्हणजे एरवी सरकारच्या खांद्यावरचा भार इथे आरोपीकडे सरकू शकतो.

२०२२ पासून आणखी एक दार किलकिले झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ब्रूएन निकालाने सांगितले की बंदुकीवरचे निर्बंध अमेरिकेच्या ऐतिहासिक परंपरेत बसले पाहिजेत. त्यानंतर ९२२(जी) लाच आव्हाने सुरू झाली. २०२४ च्या रहीमी निकालात ज्यांच्यापासून जोडीदाराला धोका आहे अशांवरची मनाई आठ विरुद्ध एक मताने टिकली. पण १९९५ मध्ये शिधापत्रिकेसारख्या सवलतीसाठी उत्पन्नाची खोटी माहिती दिलेल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका माणसाच्या बाजूने तिथल्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये कौल दिला. इतर अनेक न्यायालये तसे मानत नाहीत.

टेबलावरचा हिशेब

हे सारे निकाल महत्त्वाचे असले तरी फेडरल न्यायालयांत दोषी ठरणाऱ्यांपैकी शंभरातले नव्वदहून अधिक जण ज्यूरीपर्यंत पोचतच नाहीत. ते गुन्हा कबूल करून सौदा करतात. तिथे खाटेच्या पायांना वेगळे मोल येते. डीएनए अहवाल डळमळीत असेल, झडती वादग्रस्त असेल, तर सरकारी वकील कमी शिक्षेवर राजी होऊ शकतो. गरीब आरोपीला सरकारी खर्चाने मिळणाऱ्या फेडरल डिफेंडरचे कौशल्य बऱ्याचदा याच वाटाघाटीत कसाला लागते. पण नागरिक नसलेल्यासाठी या सौद्यात महिने मोजणे पुरत नाही. शस्त्राच्या गुन्ह्यातली कबुली ग्रीन कार्डधारकालाही देशाबाहेर घालवू शकते, आणि हा धोका सांगणे वकिलावर बंधनकारक आहे, असे २०१० च्या पडिया निकालापासून ठरलेले आहे. त्या खटल्यातला ग्रीन कार्डधारक माणूस चाळीस वर्षे अमेरिकेत राहिला होता, व्हिएतनाम युद्धात लढला होता, आणि त्याच्या वकिलाने सांगितले होते की इतकी वर्षे इथे आहात, काळजी करू नका. म्हणून गाडीतल्या त्या चौघांपैकी एखाद्याचा वकील सीट कोणती होती, गाडी कुणाची होती, पोलिसांनी नेमके काय म्हणून थांबवले, हे सारे विचारून झाल्यावर आणि करारनामा पुढे सरकवण्याआधी आणखी एक प्रश्न विचारतो: तुमचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे?